सहा चौकटींचा इतिहास: कारखान्याची ‘क्षमता’ कोण ठरवतो?

१/
चाकण किंवा भोसरीच्या एखाद्या कारखान्यात नियोजन विभागातला अभियंता संगणकावर नवे ‘वर्क सेंटर’ नोंदवायला बसतो, तेव्हा पडद्यावर काही रिकाम्या चौकटी येतात. साप्ताहिक सुट्टी कोणती? पाळी कधी सुरू होते, कधी संपते? मधली सुट्टी किती? यंत्रे किती? वापराचे प्रमाण किती टक्के? आणि शेवटी: क्षमता मर्यादित धरायची की अमर्याद?

पाच मिनिटांत भरून होणारा हा फॉर्म. यातल्या बहुतेक चौकटींमागे मात्र शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे. आजचा धागा त्या वादाविषयी. 🧵

२/
आधी हिशेब समजून घेऊ. वर्क सेंटर म्हणजे जिथे काम होते ती जागा: एक लेथ, सारख्या चार लेथचा गट, किंवा जुळणीचे एखादे टेबल.

समजा, चार लेथ आहेत. आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या, प्रत्येकीत अर्ध्या तासाची सुट्टी. म्हणजे एका यंत्राचे दिवसाला १५ तास, चौघांचे ६०. बिघाड, हत्याराची बदलाबदल, गैरहजेरी यांचा विचार करून वापराचे प्रमाण ८५ टक्के धरले, तर हाती उरतात ५१ तास. सॉफ्टवेअरच्या लेखी ही त्या केंद्राची एका दिवसाची क्षमता. ग्राहकाला दिलेली प्रत्येक तारीख या आकड्यावर उभी असते.

३/
या हिशेबातले पहिले दोन आकडे, म्हणजे कामाचे दिवस आणि कामाचे तास, आज आपल्याला निसर्गनियमासारखे वाटतात. ते तसे नाहीत, हे समजायला मुंबईच्या गिरणगावात जावे लागते.

१८५६ मध्ये कावसजी दावर यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढची कित्येक वर्षे गिरण्यांचा दिवस घड्याळाने नव्हे, सूर्याने ठरे. उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. मुंबईत हिवाळ्यातला दिवस सुमारे ११ तासांचा, उन्हाळ्यातला १३ तासांहून मोठा. म्हणजे गिरणीची क्षमता ऋतूप्रमाणे बदलत असे, आणि तो फरक कामगाराच्या अंगावर पडत असे.

४/
ठरलेली साप्ताहिक सुट्टी तर नव्हतीच. गिरणी थांबे ती सणाला, किंवा यंत्रे साफ करण्यापुरती.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. प्रौढ कामगाराच्या तासांना मर्यादा नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे, तर पाळीची चौकट रिकामी होती आणि ती भरण्याचा अधिकार एकट्या मालकाकडे होता.

५/
तो अधिकार पहिल्यांदा संघटितपणे प्रश्नांकित केला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथल्या मागण्यांवर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या.

मागण्या पाहा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची ठरलेली वेळ, पगार वेळेवर, आणि अपघात झाला तर आधार. यातल्या पहिल्या तीन मागण्या म्हणजे वर्क सेंटरच्या फॉर्ममधल्या पहिल्या तीन चौकटीच आहेत.

६/
एप्रिल १८९० मध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली. हजारो लोक जमले. दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पाठोपाठ १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचा आधार दिला.

आज सॉफ्टवेअरमध्ये ‘मधली सुट्टी: ००:३०’ असे टंकताना आपण हाच निवाडा पुन्हा नोंदवत असतो.

७/
पुढचा टप्पा विजेचा. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची अट संपली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९०५ मध्ये मुंबईच्या कामगारांत त्याविरुद्ध असंतोष उफाळला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली.

त्यानंतर आठवड्याचे कमाल तास असे उतरत गेले: १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४, १९४६ मध्ये ४८. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ४८ तासांचा आठवडा आणि नऊ तासांचा दिवस कायम केला.

८/
यंत्र तेच, गिरणी तीच. तरीही तिची ‘उपलब्ध क्षमता’ सत्तर वर्षांत घटत घटत एका मर्यादेवर स्थिरावली. लोखंड किंवा वाफ यांच्या गुणधर्मात काही बदल झाला नव्हता. माणसाकडून किती मागावे, याविषयीचा समाजाचा निर्णय बदलला होता.

पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. पाळी आठ तासांची असली, तरी यंत्र आठ तास चालते का? हा प्रश्न वेगळ्या देशात, वेगळ्या माणसाने विचारला. त्याच्यासाठी आता अमेरिकेत जाऊ.

९/
हेन्री गँट (१८६१–१९१९) हे नाव आज प्रत्येक प्रकल्प व्यवस्थापकाच्या तोंडी असते, ते त्यांच्या आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यामुळे. मिडव्हेल स्टील कंपनीत ते फ्रेडरिक टेलर यांचे सहकारी होते. टेलर हे हातात घड्याळ घेऊन कामाचा क्षण न् क्षण मोजणारे गृहस्थ. कारखान्यात ‘नियोजन विभाग’ स्वतंत्र असावा, हा आग्रह त्यांचाच.

टेलर यांची नजर कामगाराच्या हालचालींवर होती. गँट यांनी ती नजर हळूहळू उलट दिशेला, व्यवस्थापनाकडे वळवली.

१०/
१९१५ मध्ये गँट यांनी उत्पादन आणि खर्च यांच्या संबंधावर एक निबंध मांडला. त्या काळी कारखान्याचे सगळे भाडे, घसारा, देखभाल हा खर्च जेवढा माल बनला तेवढ्यावर वाटून टाकण्याची पद्धत होती. गँट म्हणाले, बंद पडलेल्या यंत्राचा खर्च बनलेल्या मालावर लादू नका.

असे का? समजा, शंभर यंत्रांपैकी पन्नासच चालली. सगळा खर्च त्या पन्नासांच्या मालावर टाकला, तर माल महाग दिसतो. किंमत वाढवली की मागणी घटते, आणखी यंत्रे बंद पडतात, माल आणखी महाग दिसतो. चांगला कारखाना केवळ हिशेबाच्या रीतीने बुडू शकतो.

११/
मग रिकाम्या यंत्राचा खर्च कुठे दाखवायचा? स्वतंत्र रकान्यात, कारणासह. गँट यांच्या यंत्रनोंदीच्या तक्त्यांत यंत्र किती वेळ चालले हे रेषेने दिसे आणि ते का थांबले याची खूण शेजारी असे: माल नाही, माणूस नाही, हत्यार नाही, वीज नाही, दुरुस्ती चालू, कामच नाही. त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये या तक्त्यांवर पुस्तक लिहिले.

ही कारणे पुन्हा वाचा. एखादा अपवाद सोडला, तर लेथवरच्या कामगाराच्या हातात यातले काय आहे? थांबलेल्या यंत्राचा जाब गँट यांनी कार्यालयात बसणाऱ्यांना विचारला. ‘वापराचे प्रमाण’ या चौकटीचे मूळ इथे आहे.

१२/
आता चाळीस वर्षे पुढे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांचा माल गुंतागुंतीचा झाला. एका ट्रॅक्टरमध्ये हजारो सुटे भाग. प्रत्येक भागाचा साठा कमी झाला की पुन्हा मागवायचा, ही जुनी रीत अपुरी पडू लागली.

मूळचे झेकोस्लोव्हाकियाचे जोसेफ ऑर्लिकी तेव्हा रसीन येथील जे. आय. केस या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीत होते. पुढे ते आयबीएममध्ये गेले. त्यांचा विचार सरळ होता: ट्रॅक्टर किती हवेत ते ग्राहक ठरवतो, पण चाके किती हवीत याचा अंदाज कशाला बांधायचा? ते ट्रॅक्टरच्या संख्येवरून गणिताने निघते.

१३/
या गणिताचे नाव ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’, अर्थात एमआरपी. अंतिम मालाची संख्या घ्यायची, बिल ऑफ मटेरियलप्रमाणे ती सुट्या भागांत फोडायची, हाती असलेला साठा वजा करायचा, आणि प्रत्येक भागाला लागणारा कालावधी मागे मोजून काम कधी सुरू करायचे ती तारीख काढायची. हजारो भागांसाठी हे हाताने अशक्य, संगणकाला शक्य.

ऑर्लिकी, जॉर्ज प्लॉसल आणि ऑलिव्हर वाइट या तिघांनी १९७० च्या दशकात याचा धर्मप्रसारकांच्या उत्साहाने प्रचार केला. ऑर्लिकी यांचे या विषयावरील पुस्तक १९७५ मध्ये आले.

१४/
पण या सुंदर गणितात एक गोष्ट गृहीत होती: क्षमता अमर्याद आहे.

आपल्या चार लेथकडे वळा. त्यांची दिवसाची क्षमता ५१ तास. एमआरपीने सगळ्या ऑर्डरी फोडल्या आणि मंगळवारी त्या केंद्रावर ७८ तासांचे काम टाकले. गणिताला त्यात काहीच वावगे दिसत नाही. कारण ते विचारते ‘काय हवे, कधी हवे’. ‘जमेल का’ हे ते विचारतच नाही. उरलेले २७ तास बुधवारवर ढकलले जातात, आणि बुधवारचे स्वतःचे काम तर असतेच.

१५/
याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हाच्या संगणकांना भागांची नुसती फोड करायलाच तासन् तास लागत. प्रत्येक यंत्राची मर्यादा पाळून क्रम लावणे आवाक्याबाहेरचे होते.

म्हणून मध्यममार्ग निघाला, तो ‘कपॅसिटी रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’. आधी एमआरपी चालवायचे, मग प्रत्येक केंद्रावर किती भार आला आणि तिथली क्षमता किती याचा तुलनात्मक अहवाल छापायचा. निर्णय माणसाचा: जादा पाळी, बाहेरून काम करून घेणे, किंवा तारीख पुढे नेणे. त्या तुलनेसाठी प्रत्येक वर्क सेंटरची नोंद संगणकात असणे भाग पडले. आपला फॉर्म इथे जन्मला.

१६/
काम वेळेवर होत नाही म्हटल्यावर कारखाने काय करत? ते कालावधी वाढवत. तीन आठवडे पुरत नाहीत, पाच धरा. ऑलिव्हर वाइट यांनी १९७० मध्येच या दुष्टचक्राकडे बोट दाखवले होते.

कालावधी वाढवला की सगळी कामे दोन आठवडे आधी कारखान्यात उतरतात. यंत्रे तेवढीच, म्हणून यंत्रापुढची रांग वाढते. रांग वाढली की प्रत्येक काम आणखी उशिरा बाहेर पडते. मग पाचाचे सात आठवडे होतात. वाइट यांचा उपाय साधा होता: जेवढे बाहेर पडते, तेवढेच आत सोडा.

१७/
या रांगेचे गणित १९६१ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे पक्के केले. अमेरिकेत जॉन लिटल यांनी दाखवले की रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. इंग्लंडमध्ये जॉन किंगमन यांनी दाखवले की यंत्र पूर्ण भरत आले की प्रतीक्षा कशी झपाट्याने वाढते.

कामे अनियमित येतात आणि कमीजास्त वेळ घेतात असे एक साधे उदाहरण घेऊ. प्रत्येक कामाला सरासरी एक तास लागतो. यंत्र ५० टक्के व्यग्र असेल तर थांबावे लागते सरासरी १ तास. ८० टक्क्यांना ४ तास. ९० ला ९. आणि ९५ टक्क्यांना १९ तास.

१८/
हे आकडे नीट पाहा. ८० वरून ९५ वर जाताना यंत्राचे काम पाचव्या हिश्श्याहूनही कमी वाढले, पण थांबणे जवळजवळ पाचपट झाले.

‘वापराचे प्रमाण’ या चौकटीत १०० लिहिण्याचा मोह इथे महागात पडतो. १०० लिहिणारा नियोजक आपण यंत्राचा पुरेपूर उपयोग करतो आहोत असे समजतो. प्रत्यक्षात त्याने अशी वचने देऊन ठेवलेली असतात जी पाळली जाणार नाहीत. मग महिनाअखेरीस धावपळ होते, रात्री थांबावे लागते. थांबणारा तो नसतो, लेथवरचा माणूस असतो.

१९/
एमआरपीची उणीव भरून काढणारा दुसरा प्रवाह १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला. एलियाहू गोल्डरॅट हे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ. कोंबड्यांचे पिंजरे बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारखानदारासाठी वेळापत्रक बसवताना ते या विषयात ओढले गेले. त्यातून ‘ओपीटी’ हे सॉफ्टवेअर निघाले. यंत्राची मर्यादा पाळून वेळापत्रक लावण्याचा त्याचा दावा होता. १९८४ मध्ये त्यांनी ‘द गोल’ नावाची चक्क कादंबरी लिहिली, एका कारखान्याच्या व्यवस्थापकाची.

२०/
गोल्डरॅट यांचा मुद्दा असा: कारखान्याचा वेग त्याच्या सर्वांत अरुंद जागेने, ‘बॉटलनेक’ने ठरतो. तिथे गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा तास. इतर यंत्रे मधूनमधून रिकामी राहणे हे दुखणे मानू नये. त्यांना उगाच चालवले, तर विकला न जाणारा माल साचतो.

गँट यांनी थांबलेल्या यंत्राचे कारण विचारले होते. गोल्डरॅट यांनी सांगितले की कधीकधी थांबणे हेच योग्य असते. दोघांत विरोध नाही. थांबणे ठरवून आहे की नाइलाजाने, हे माहीत असले पाहिजे.

२१/
याच सुमारास जगाचे लक्ष जपानकडे गेले. टोयोटात ताइची ओनो यांनी कानबान कार्डांची पद्धत बसवली होती. फिरती कार्डे मोजकी, म्हणून कारखान्यातले अर्धवट कामही मोजके. वाइट यांचा ‘बाहेर तेवढेच आत’ हा नियम इथे पुठ्ठ्याच्या तुकड्यांत आला होता.

टोयोटात दोन पाळ्यांच्या मध्ये मोकळा वेळ राखण्याची प्रथाही होती. दिवसाचे काम मागे पडले तर ते त्या वेळात भरून काढायचे, नाहीतर यंत्रांची देखभाल करायची. मोकळी ठेवलेली क्षमता म्हणजे वाया गेलेली क्षमता नव्हे, हे त्यांनी वेळापत्रकातच लिहून ठेवले होते.

२२/
हे सगळे प्रवाह अखेर सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये मिसळले. १९७२ मध्ये जर्मनीत आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी सॅप कंपनी काढली. १९९२ च्या तिच्या ‘आर/३’ प्रणालीच्या वर्क सेंटरमध्ये पाळीची सुरुवात, शेवट, विश्रांती, वापराचे प्रमाण, यंत्रांची संख्या आणि मर्यादित वेळापत्रकाची खूण हे सगळे एका पडद्यावर आले. डॅलस येथे संजीव सिद्धू आणि केन शर्मा यांनी १९८८ मध्ये काढलेल्या आयटू कंपनीने मर्यादित क्षमतेचे नियोजन मोठ्या उद्योगांपर्यंत नेले.

वाद संपले नाहीत. ते चौकटींत बंद झाले.

२३/
आणि म्हणूनच चौकटी भरताना इतिहास उपयोगी पडतो.

▪ सुट्टी: तयार कॅलेंडर जसेच्या तसे घेऊ नका. पिंपरी-चिंचवड परिसरात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, विजेचा भार वाटून घेण्याच्या सोयीतून आलेली. रविवार गृहीत धरला, तर दर आठवड्याला नसलेल्या दिवशी काम लागते.
▪ प्रमाण: ते इच्छेवरून न लिहिता मागील काही महिन्यांत प्रत्यक्ष किती काम बाहेर पडले त्यावरून लिहा. बिघाडाचा वेळ एकदा इथे आणि पुन्हा कामाच्या प्रमाणवेळेत, असा दोनदा धरू नका.
▪ मर्यादित की अमर्याद: अरुंद जागा आधी शोधा. तिथे मर्यादा काटेकोर पाळा. सगळीकडे मर्यादा लावली, तर वेळापत्रक ताठर होते. कुठेच लावली नाही, तर ते केवळ मनोराज्य ठरते.

२४/
मित्रहो, क्षमता हा आकडा यंत्राच्या पाटीवर कोरलेला नसतो. त्यात कायद्याने दिलेली सुट्टी असते, लोखंड्यांच्या सभेत मागितलेला अर्धा तास असतो, माल न आल्याने थांबलेला लेथ असतो आणि गणिताने शिकवलेला सबुरीचा धडा असतो. जो तो आकडा भरतो, तो इतर अनेकांच्या वतीने शब्द देत असतो. म्हणून तो भरण्यापूर्वी एकदा यंत्रावरच्या माणसाला विचारावे.

तुमच्या घरी कुणी गिरणीत किंवा कारखान्यात पाळीवर काम केले असेल, तर त्यांना विचारा: त्यांच्या काळी भोंगा किती वाजता व्हायचा, जेवणाची सुट्टी किती होती आणि ती पूर्ण मिळायची का? उत्तरे खाली जरूर लिहा.

#इतिहास #कामगारइतिहास #उद्योग #धागा